पुन्हा लावणे, मेंढीच्या रक्तावर

शालिनी वानखेडे या माझ्या टेक्निशियनला मी फसवलं. तिच्याबरोबर एका बापाला फसवलं, आणि माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका डॉक्टरलाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

म्हणजे — निम्मी गोष्ट सुरतेतल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकानं ऐकली आहे. रघा भरवाडानं मला ऐन वेळी कसा दगा दिला, ती निम्मी. ती मी टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यांच्या जिन्यात, सगळीकडे सांगितली आहे, आवाज चढवून. उरलेली निम्मी सांगायला बसलो की माझा आवाज खाली येतो. म्हणून ही लिहून काढतो.

मी शहाद्याकडचा. सुरतेत आलो तो लूमवर बॉबिन भरायला. तिथून एका मोठ्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलो, धुता धुता पाहायला शिकलो, पाहता पाहता कोर्स केला. प्लेगच्या सालानंतर सुरतेत साध्या तापालाही लोक घाबरायला लागले, तपासण्या वाढल्या, आणि मी गोडादऱ्याच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर स्वतःची लॅब टाकली. खाली साडी पॉलिशचं दुकान, वर मी. मायक्रोस्कोप जुना, इन्क्युबेटर त्याहून जुना, पण दोन्ही मी असे घासाघीस करून आणले होते की विकणारा माणूस हात जोडून म्हणाला, "शेठ, आता फक्त घेऊन जा." मला त्याचा अभिमान होता. समोरच्यानं मागितलेला भाव मी कधी दिला नाही. आवाज ज्याचा मोठा, सौदा त्याचा — हे मी बाजारात शिकलो होतो. पुढे हाच आवाज मी कुठे वापरला, ते येईलच.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर माझा गुन्हा लहान वाटेल. घशात जंतू कोणता आहे हे बघायला रक्ताची प्लेट लागते. आगर नावाचा खळीसारखा पदार्थ उकळायचा, हाताला सोसेल इतका निवू द्यायचा, त्यात रक्त मिसळून काचेच्या बशीत ओतायचा. लाल, गुळगुळीत प्लेट तयार होते. घशातून फिरवलेला कापसाचा बोळा तिच्यावर ओढायचा, अंगाइतक्या उबेत ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरायची. घशात नेहमी राहणारे बिनधोक जंतू असले तर त्यांच्याभोवती हिरवट, मळकट सावली पडते. पण ज्याला आपण शोधतो तो स्ट्रेप्टोकॉकस असला तर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्याभोवती रक्त पार विरघळलेलं असतं. स्वच्छ कडं. त्यातून पलीकडची अक्षरं वाचता येतात. सगळी परीक्षा त्या कड्यात आहे. तो जंतू वेळेत ओळखला तर पेनिसिलिननं मरतो. नाही ओळखला तर घसा आपोआप बरा होतो, घरचे विसरून जातात — आणि काही आठवड्यांनी काही पोरांचं अंग त्यांच्याच सांध्यांवर, त्यांच्याच काळजावर उलटतं.

आणि ते कडं नीट दिसायला रक्त मेंढीचं लागतं.

माझं मेंढीचं रक्त रघा भरवाडाकडून यायचं. चलथाणच्या बाजूला, ऊसतोड झालेल्या शेतांत त्याचा कळप असायचा. मी स्कूटरवर जायचो. एक मेंढी तो मांडीखाली धरायचा, मी मानेची शीर शोधून रक्त काढायचो आणि काचेचे मणी घातलेल्या चंबूत सोडून हलवत बसायचो. मण्यांवर रक्ताचे धागे गुंडाळले जातात, मग उरलेलं रक्त गोठत नाही. रघा माझ्याकडे बघून हसायचा. म्हणायचा, शेठ, तुम्ही ताक घुसळताय की काय?

लॅब चालायला लागली तसा मी दर आठवड्याला जायला लागलो. एका दुपारी रघानं मेंढी धरलीच नाही. महिन्यातून दोनदाच या, म्हणाला. दर वेळी वेगळी मेंढी घ्या, ही बघा कशी वाळलीय. आणि पाच रुपये वाढवा.

पाच रुपये! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पाच रुपयांत काय मेंढीच्या गळ्यात सोन्याची घंटा बांधणार आहेस?"

तो चिडला नाही. "शेठ, घेटुं ए कंई नळ नथी," म्हणाला. मेंढी म्हणजे काही नळ नव्हे. बांधावर बसलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. त्या हसण्यानं माझं काय झालं कोण जाणे, हातातला चंबू मी कालव्याच्या दगडी कडेवर आपटला. मणी उन्हात चमकत गवतात पसरले. मी स्कूटरला लाथ मारली. मागून रघाचा आवाज आला, तोही रागाचा नव्हता — "शेठ, काच वीणी लो, घेटांने पगमां वागशे!" काच वेचून घ्या, मेंढरांच्या पायात जाईल.

मी वळूनही पाहिलं नाही.

खरं सांगू? त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही. इथे मी स्वतःचा गुन्हा सांगायला बसलो आहे, आणि तरी आत कुठेतरी वाटतं, रघानं त्या दिवशी मुकाट्यानं मेंढी धरली असती तर? बघा, मी अजून भावच करतो आहे.

मेंढी गेली, मग रक्त कुठून आणायचं? त्याला तेव्हा एक वाट होती, माझ्यासारख्या कितीतरी लहान लॅबवाल्यांची. रक्तपेढीत मुदत संपलेल्या पिशव्या असतात, माणसाच्या रक्ताच्या. फेकायच्याच असतात. ओळखीनं मी त्यातल्या आणायला लागलो. फुकट! मी टेबलावर पिशवी ठेवून शालिनीला म्हणालो, "बघ, माणसाचं रक्त. मेंढीपेक्षा कमी दर्जाचं आहे का?"

शालिनी अमरावतीकडची. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाइंग कारखान्यात होता. मोठी बोलकी बाई नव्हती, पण तिचे डोळे — माझ्या अख्ख्या लॅबमध्ये महाग वस्तू कोणती असेल तर ते डोळे होते. ती पिशवी बघून हसली नाही. "सर, त्यात साखर असते, औषध असतं रक्त टिकवायचं. आणि माणसाच्या रक्तात त्या जंतूशी भांडणारं काहीबाही आधीच असते. कडं येणार नाही नीट."

"लाल आहे ना? मग झालं."

पण तिनं आपल्या पद्धतीनं खात्री करून घेतली. आमच्याकडे आधी ओळखलेला, जपून ठेवलेला तोच जंतू होता. तो तिनं नव्या प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी प्लेट माझ्यासमोर धरली. "सर, हा आपला ओळखीचा आहे. याचंच कडं नाही दिसून राहिलं. मग अनोळखी कसा दिसणार?"

मला हे कळलं नाही असं नाही. नीट कळलं. मी म्हटलं, "बघू."

त्याच आठवड्यात ज्योती आली. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, गळ्याभोवती आईची ओढणी गुंडाळलेली. बरोबर बाप, भीमराव, लूमवरचा कारागीर. माझ्याच मुलखातला माणूस, माझ्याच बोलीत बोलणारा. "भाऊ, पोरनं नरडं दुखस. डॉक्टरनी धाडेल शे." चिठ्ठी आमच्या रस्त्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांची होती. त्यांनी फोनही केला. घरात मोठ्या भावाला संधिवाताचा ताप येऊन गेलेला, म्हणाले, त्यामुळे मला शंका आहे. पण वस्तीत पेनिसिलिनच्या इंजेक्शननं कुणाचं तरी काही झाल्याची बोलवा आहे, आई हातच लावू देत नाही. तुमच्या कल्चरमध्ये तो जंतू आला तर मी स्वतः शेजारी बसून इंजेक्शन देईन, आईला समजावीन. नाही आला तर उगाच घाबरवत नाही. तुमच्या कागदावर ठरवतो.

तुमच्या कागदावर. मला केवढं बरं वाटलं होतं ते ऐकून.

घशात काडी घातल्यावर पोरगी जोरात खोकली आणि मग स्वतःच हसली. शालिनीनं तिला रिकामी काडी खेळायला दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालिनी खिडकीशी उभी होती. प्लेट उजेडासमोर. खूप वेळ. मी बिलं लिहीत होतो. ती म्हणाली, "सर, ठिपके तर तेच वाटतात. बारीक, कोरडे. पण भोवती नुसतं गढूळ आहे. मी 'नाही' म्हणून लिहू शकत नाही. 'आहे' म्हणूनही नाही. मेंढीच्या रक्तावर पुन्हा लावू. एक दिवस जाईल फक्त."

मेंढीच्या रक्तावर. म्हणजे चलथाणला जायचं. म्हणजे त्या बायांसमोर, त्या कालव्यापाशी, रघासमोर मान खाली घालून उभं राहायचं आणि म्हणायचं, घे तुझे पाच रुपये. दुसऱ्या लॅबकडून एक प्लेट मागता आली असती — पण मग त्यांना कळलं असतं माझ्याकडे मेंढीचं रक्त नाही. डॉक्टरांना फोन करून "अजून नक्की नाही" एवढं तरी म्हणता आलं असतं. तीन शब्द. तेही माझ्या तोंडून निघाले नाहीत.

शालिनी दुसऱ्या पेशंटचा नमुना घ्यायला गेली तेव्हा मी रजिस्टर उघडलं. त्या पोरीच्या नावापुढे तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: पुन्हा लावणे, मेंढीच्या रक्तावर. बारीक, सरळ अक्षर. मी खोडरबर घेतला. खोडताना कागदाला थोडे तंतू सुटले, ते मी फुंकरीनं उडवले. त्या जागी पेननं लिहिलं — रोगाच्या जंतूची वाढ नाही, नेहमीचे जंतू. रिपोर्टवर सही मीच केली. संध्याकाळी भीमराव आला, मी कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "काही नाही रे, घाबरू नको. गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांग."

त्यानं दोन्ही हातांनी कागद घेतला. देवाचा अंगारा घेतात तसा.

शालिनीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "त्या ज्योतीचं काय ठरलं, सर?" मी म्हणालो, "डॉक्टरांशी बोललो मी." ती समजली, बोललो म्हणजे खरं ते बोललो. माझ्यावर विश्वास ठेवून ती पुढच्या कामाला लागली. तुम्हीच सांगा, यापेक्षा स्वस्तात कुणाला फसवता येतं?

तीन आठवडे गेले असतील. भर दुपारी जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर स्वतः वर आले होते, मागे भीमराव. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. पोरीचे गुडघे सुजले, ते उतरले की मनगट सुजतं. ताप आहे. आणि काळजाच्या ठोक्यात आवाज येतो आहे, जो आधी नव्हता. दुसरीकडे रक्त तपासलं, त्यात त्या जंतूची खूण सापडली. रिपोर्ट टेबलावर ठेवून त्यांनी सरळ विचारलं:

"आ प्लेट कोणे वांची हती?"

ही प्लेट वाचली कोणी होती?

शालिनी सिंकपाशी काचा धूत होती. पाणी चालू होतं. मी तिच्याकडे बोट केलं.

"एणे."

हिनं. एकच शब्द, तोही माझ्या भाषेतला नाही. तेवढाच पुरला.

ती हात पुसत पुढे आली. "सर, मी लिहिलं होतं. रजिस्टर काढा."

मी काढलं. उघडून तिच्यासमोर आपटलं. आणि मग तो बाजारातला आवाज काढला, ज्या आवाजानं मी इन्क्युबेटर आणला होता, ज्या आवाजानं मी कधी हरलो नव्हतो. "कुठे लिहिलंस? दाखव! दाखव ना डॉक्टरांना! पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तू मला रजिस्टर काढायला सांगतेस?"

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट हळूच फिरवलं — जिथे कागद खरखरीत झाला होता तिथे थांबवलं. माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. त्या डोळ्यांना काय कळत नव्हतं?

भीमराव इतका वेळ दाराशी उभा होता. तो मला काही बोलला नाही. तिला म्हणाला, अगदी सावकाश, "ताई, तू तं शिकेल शेस ना?" तू तर शिकलेली आहेस ना.

तिनं ॲप्रन काढला, चार घड्या घालून खुर्चीवर ठेवला. मला म्हणाली, "बरं." आणि जिना उतरून गेली. सिंकचा नळ चालूच होता. तो मी बंद केला.

मीच तिला काढलं असं समजून डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही लगेच कारवाई केलीत हे चांगलं केलं. त्यानंतरही ते माझ्याकडेच पेशंट पाठवत राहिले.

आता ऐका सगळ्यात लाजेची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चलथाणला गेलो. मान खाली घालायला किती वेळ लागला असेल? स्कूटर उभी केली, रघाला म्हटलं, पाच रुपये देतो. तो म्हणाला, बरं. झालं. एवढंच. बाया होत्या, कोणी हसलं नाही. मेंढी सोडल्यावर त्यानं कमरेची एक पुरचुंडी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. काचेचे मणी होते. त्यानं ते गवतातून वेचून, धुऊन ठेवले होते. कळपाच्या पायांसाठी वेचले असतील, पण टाकून दिले नव्हते. माझे होते म्हणून ठेवले.

त्याच माणसाबद्दल मी इतकी वर्षं सांगत आलो की त्यानं मला दगा दिला. त्याच्याकडून येणारं रक्त ऐन वेळी बंद झालं, त्यात टेक्निशियन बाई अडाणी निघाली, म्हणून एका पोरीचं वाटोळं झालं, त्या दोघांनी याचा जाब द्यायला पाहिजे — असा तो किस्सा. लोक माना डोलवायचे. माझ्या रागाला ते माझा सच्चेपणा समजायचे.

शालिनीला आमच्या भागात पुन्हा कोणी काम दिलं नाही. मुलांच्या डॉक्टरांकडून निघालेला शब्द लॅबमध्ये फिरायला वेळ लागत नाही. मी तो अडवला नाही. दोन वर्षांनी गोडादऱ्यात एका गल्लीतून जाताना ती दिसली. ओट्यावर चार बायका साड्यांना टिकल्या चिकटवत बसल्या होत्या, नगावर मजुरी मिळते त्या कामाला. ती त्यांच्यात होती. काम झालेला पदर तिनं दोन हातांनी उचलून उजेडासमोर धरला, कुठे जागा सुटली का बघायला. तसाच. खिडकीशी प्लेट धरायची तसाच. मी गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो.

ज्योती वाचली. काळजाची झडप मात्र गेली. पुढे मोठ्या शहरात ऑपरेशन होऊन तिला धातूची झडप बसवली. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे ते दर महिन्याला तपासावं लागतं. ती तपासणी ती माझ्याकडे करते. लग्न झालं नाही तिचं. बाप आता नाही. आता शिकवण्या घेते. मी तिच्याकडून निम्मेच पैसे घेतो. ती दर वेळी म्हणते, "काका, तुम्ही आहात म्हणून परवडतं." आणि मी — मी ते ऐकून घेतो. मान हलवतो. आभारसुद्धा मी फुकटात घेतो.

दुपारी लॅब रिकामी असते. सुई टोचताना मी तिच्या दंडाजवळ वाकलेला असतो, तेव्हा ती झडप ऐकू येते. मनगटावरच्या घड्याळासारखी. टिक. टिक. तिला सवय झाली आहे. ती मोबाइल बघत बसते.

ते डॉक्टर अजून आहेत, थकले आहेत. शालिनीचं घर कुठे आहे ते मला माहीत आहे. रजिस्टर माझ्या कपाटात आहे, ते पान अजून खरखरीत आहे. कोणीतरी जाब द्यायला पाहिजे, असं मी आयुष्यभर ओरडत आलो. त्या दुपारी प्रश्न विचारला गेला होता, माझ्याच टेबलावर, साध्या पाच शब्दांत. त्याचं उत्तर मी खोटं दिलं. तो प्रश्न अजून तिथेच आहे, आणि दुसरं कोणी त्याचं उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा दे म्हणतो मी मला. आवाज न चढवता दे.

ती प्लेट कोणी वाचली होती?

शालिनीनं. बरोबर वाचली होती. खोडलं मी.